एसएमपीएसची घरघर आणि १२० चा पंखा

आवाज तसा मागच्या पावसाळ्यापासूनच होता, पण सकाळी कॉम्प्युटर चालू केला की थोडा वेळ घर्रर्र करायचा आणि गरम झाला की आपोआप गप्प व्हायचा, त्यामुळे कोण लक्ष देतोय. यंदा जूनचा जोराचा पाऊस लागला आणि ते गप्प होणंच बंद झालं. दिवसभर घरघर, मध्येच एखादी टिक टिक, परत घरघर. मी घरूनच डिझाईनची कामं करतो, हापूसच्या पेट्यांची लेबलं, लग्नपत्रिका, आणि गणपती जवळ आले की बॅनरच बॅनर, म्हणजे मशीन सकाळी चालू होतं ते रात्रीच बंद. आई ओटीवर भाजी निवडता निवडता म्हणाली, "काय रे, चिपीचा इमान आपल्या घरार उतारला काय?" (चिपी म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातला विमानतळ, आणि इमान म्हणजे विमान.) तेव्हा म्हटलं आता बघायलाच हवं.

आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्र इतका जवळ की उधाणाचा आवाज रात्री घरात येतो. खारा वारा काय करतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, खिडकीचे गज, सायकलची चेन, गॅसचा स्टँड सगळं खातो. कॉम्प्युटर तर दिवसभर पंख्याने हीच हवा आत ओढत असतो. त्यात जांभ्याची तांबडी धूळ, आणि पावसाळ्यात दमटपणा इतका की कपाटातले कपडेसुद्धा चार महिने ओलसर लागतात. त्यामुळे पंखे लवकर जातात यात नवल काही नाही.

आता आवाज नक्की कुठून येतोय हे आधी ठरवावं लागतं, कारण कॅबिनेटमध्ये पंखे तीन, वर माझ्या मशीनमध्ये एक जुनी हार्डडिस्क पण आहे, आणि पत्र्याच्या डब्यात आवाज असा घुमतो की कानाला काही कळत नाही. मी बाजूचं झाकण काढलं, चालू मशीनमध्ये प्रोसेसरच्या पंख्याच्या मधल्या गोल भागावर बोट हलकंच टेकवून तो क्षणभर थांबवला, आवाज तसाच. कॅबिनेटच्या मागच्या पंख्याची पिन काढली, आवाज तसाच. मग कॅलेंडरची गुंडाळी करून एक टोक कानाला आणि दुसरं एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीजवळ, आणि बस, तिथेच होता तो. एसएमपीएसच्या जाळीतून पेन्सिल, काडी, स्क्रू ड्रायव्हर असलं काही आत घालून पंखा थांबवायला जाऊ नका, आत काय असतं ते पुढे सांगतोच. दुसरी खूण म्हणजे कॅबिनेट जरा आडवं कलतं केलं की आवाज बदलला, म्हणजे बेअरिंग ढिलं झालंय. काही एसएमपीएस बारीक शिट्टीसारखा आवाज करतात, माऊस फिरवला किंवा काही जड काम दिलं की बदलणारा, तो कॉइलचा आवाज असतो, पंखा बदलून तो जात नाही, हे माहीत असलेलं बरं नाहीतर सगळा खटाटोप फुकट.

कणकवलीच्या एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला एसएमपीएसचा पंखा कोण बदलतं, नवीन टाका. त्याचंही चूक नाही, मजुरी परवडत नाही त्याला. पण माझा एसएमपीएस ५०० वॉटचा, ८० प्लस ब्राँझवाला, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, हातात घेतला तर चांगला वजनदार, वॉरंटी संपलेली, आणि पंख्याशिवाय त्याला काहीही झालेलं नव्हतं. तसलाच नवीन घ्यायला तीन-साडेतीन हजाराच्या पुढे जातं. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, आमच्याकडे लाईटचा जो खेळ चालला होता त्यातूनही हा तगला होता, म्हटलं पंख्यासाठी याला भंगारात नाही टाकणार. वॉरंटी चालू असेल तर मात्र उघडायच्या भानगडीत पडू नये, स्क्रूवर तो स्टिकर असतो तो फाटला की संपलं, सरळ दुकानात द्यावा.

आता भीतीचा भाग. एसएमपीएसमध्ये एक मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, असतो, डब्यातला सगळ्यात जाडा काळा नाहीतर तपकिरी सिलिंडर, त्यावर ४०० व्होल्ट, ४२० व्होल्ट असं काहीतरी छापलेलं दिसतं. आपल्या घरातली २३० व्होल्टची एसी आत जाऊन डीसी झाली की ती ३२५ च्या आसपास जाते, आणि माझ्या एसएमपीएससारखा ॲक्टिव्ह पीएफसीवाला (वीज नीट ओढायला आत वेगळं सर्किट असलेला) असेल तर ३८० च्या घरात. प्लग काढला तरी हा चार्ज लगेच जात नाही. बऱ्याच एसएमपीएसमध्ये तो हळूहळू उतरवायला रेझिस्टर असतो पण तो असेलच आणि चालूच असेल असं धरून चालायचं नाही. मी नुसतं बटण बंद करून थांबलो नाही, प्लगच भिंतीतून काढला, कारण जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर ते देवालाच माहीत. मग कॉम्प्युटरचं पॉवर बटण दाबून धरलं, पंखे जरासे हलून थांबले, म्हणजे राहिलेला चार्ज बराचसा उतरला. तरी एसएमपीएस कॅबिनेटमधून काढून रात्रभर तसाच ठेवला, घाई कसली.

सकाळी झाकण उघडायला घेतलं तर चार स्क्रूपैकी एक गंजून झाकणाशी एकजीव. गंज सोडवायचा फवारा मारला, वाट बघितली, परत मारला, आणि बरोब्बर मापाच्या स्टार स्क्रू ड्रायव्हरने वरून दाब देत फिरवला तेव्हा कुठे कुरकुरत सुटला. इथे ढिला ड्रायव्हर वापरला की खाच गुळगुळीत होते आणि मग ड्रिल आणा. झाकण उलटल्यावर आत एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफलं चिकटलेली. पाल आत गेली कशी, तर मागच्या जाळीतून, आणि ऊब कुणाला नको असते पावसात. नशीब की ती स्वतः आत नव्हती, कारण पाल बोर्डावर आडवी पडली की फटाका ठरलेला.

पंखा झाकणालाच लावलेला असतो, त्याची दोन वायरींची पिन बोर्डावर जाते. तशी बोर्डाला हात लावायची गरज नसते, पण धूळ एवढी होती की मला बोर्ड काढून साफ करायचाच होता, म्हणून मापून घेणं भाग होतं. बोर्डाचे स्क्रू काढून बोर्ड फक्त कडांना धरून उचलला, हीटसिंकला, म्हणजे आतली उष्णता घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, पण हात नाही लावायचा कारण काहींमध्ये त्यांतच करंट असतो. मल्टिमीटर डीसीच्या १००० व्होल्टवर ठेवून मोठ्या कपॅसिटरच्या खालच्या सोल्डरच्या दोन टाक्यांवर टोकं टेकवली. दोन-तीन व्होल्ट. हुश्श. जास्त दाखवला असता तर जुना पिवळा बल्ब होल्डरसकट काढून ठेवला होता, त्याच्या दोन वायरी टाक्यांना लावल्या की बल्ब लुकलुकून चार्ज संपतो. एलईडी बल्ब याला चालत नाही. आणि काही रिपेरवाले स्क्रू ड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडतात ते बघून कुणी शिकू नये, कपॅसिटरही जातो आणि कधी कधी ड्रायव्हरचं टोकही. मल्टिमीटर नसेल घरात तर मी म्हणेन बोर्डाला हातच लावू नका, फक्त झाकणावरचा पंखा बदला आणि बंद करा, आणि तेही जमत नसेल तर राहू दे.

धूळ मऊ ब्रशने काढली. ओलावा होता म्हणून फुंकर नाही मारली, तोंडाची वाफ अजून ओलावा देते. स्टॅटिकची जी भीती पुस्तकात घालतात ती आमच्याकडे जुलैमध्ये कुणाला सांगू नका, इथे हवेतच एवढं पाणी की कपड्यांतून चटचट होणं म्हणजे काय ते इथल्या पोरांना माहीतच नाही.

मग पंखा. पंख्याच्या मागचा गोल स्टिकर सोलला तर खाली रबराचं छोटं बूच. स्लीव्ह बेअरिंग. म्हणजे आत एक नळी, त्यात तेलाचा पातळ थर आणि त्यावर फिरणारा दांडा, बाकी काही नाही. तेल आहे तोवर आवाज नाही, तेल सुकलं की धातूवर धातू घासतो, आणि सकाळी गार असताना उरलंसुरलं तेल घट्ट असतं म्हणून जास्त वाजतो, गरम झाला की सैल होऊन गप्प, तेच ते मागच्या वर्षीचं लक्षण. त्यात एसएमपीएसचा पंखा आडवा झोपलेला असतो, गरम हवेच्या डोक्यावर, स्लीव्हला ही पोझिशन फारशी मानवत नाही. बॉल बेअरिंगला त्याचं काही वाटत नाही, पण ते आयुष्यभर किंचित गुणगुणतात, आणि फ्लुइड बेअरिंग म्हणून जे येतं ते स्लीव्हचाच सुधारलेला भाऊ, शांत आणि टिकाऊ, महाग पण तेवढंच.

खात्री करायला म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, बूच लावलं, हाताने फिरवला, आणि सगळं जोडून चालवला तर चक्क शांत. म्हणजे रोग बेअरिंगचाच हे पक्कं झालं. शेजारचे काका म्हणत होते खोबरेल घाल, घरचंच आहे. पण खोबरेल २४-२५ डिग्रीच्या खाली गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं, डिसेंबरच्या पहाटे पंखा फिरणारच नाही, आणि एसएमपीएसचा पंखा न फिरणं म्हणजे एसएमपीएसची चिता. गंजाचा तो फवारा पण बेअरिंगमध्ये नको, तो पातळ, आधीचं तेल धुऊन नेतो आणि मग स्वतः उडून जातो. तेल घालून काही आठवडे गेले आणि घरघर परत यायला लागली, कारण नळी एकदा झिजली की तेलाने ती भरून थोडीच येते. तोवर नवीन पंखा मागवून झाला होता.

आणि खरी डोकेफोड इथेच आहे, पंखा बदलणं नाही, निवडणं. दुकानात गेलात तर रंगीत दिवे लागणारे मिळतात, तसला एसएमपीएसमध्ये घालून काय रोषणाई करायची आहे. आधी माप घ्या. माझा १२० मिमीचा, २५ मिमी जाड, स्क्रूच्या एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १०५ मिमी. पण काही एसएमपीएसमध्ये १४० चा असतो, काहींमध्ये बारीक जाडीचा, जुन्यांमध्ये मागे ८० चा, म्हणून झाकण उघडून पट्टी लावल्याशिवाय मागवू नये. मग करंट. जुन्यावर १२ व्होल्ट ०.३० अँपिअर लिहिलं होतं, नवा त्याच्याइतका किंवा कमी हवा, जास्त घेतला तर बोर्डावरचं छोटं सर्किट जे त्याला वीज देतं त्याच्यावर ताण.

पण सगळ्यात महत्त्वाचं कुणी सांगत नाही ते हे की बरेच एसएमपीएस पंख्याला कायम १२ व्होल्ट देत नाहीत. आत हीटसिंकजवळ एक थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा छोटा भाग, असतो, गार असताना पंख्याला चार-पाच व्होल्टच मिळतात आणि तापमान वाढेल तसे वाढतात. जुना पंखा कमी व्होल्टवर सुरू होण्यासाठीच निवडलेला असतो. कॅबिनेटला लावायचे काही पंखे एवढ्या कमी व्होल्टवर हलत नाहीत, म्हणजे तुम्ही छान नवाकोरा बसवला, बंद केलं, आणि तो थांबलेलाच, गरम झाल्यावर एकदम दचकून सुरू होणार, परत बंद पडणार. आता हे तपासायला उघडा एसएमपीएस चालू करून पंख्याच्या पिनेवर व्होल्ट मोजणारे बहाद्दर आहेत, मी त्यातला नाही, लग्न व्हायचंय अजून. सोपी युक्ती म्हणजे मोबाईलचा साधा चार्जर, पाच व्होल्ट. जुनी यूएसबी केबल कापली, लाल आणि काळी वायर पंख्याच्या लाल-काळ्याला लावली. पंखा बंद असताना लावली की तो आपणहून सुरू झाला पाहिजे, बोटाने ढकलावं लागलं तर बाद. उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला, परत परत बंद-चालू करून बघितला, दरवेळी हळू पण न अडखळता निघाला. मग मन शांत झालं.

मी घेतला तो फ्लुइड बेअरिंगचा, ०.१८ अँपिअर, जुन्यापेक्षा हळू फिरणारा. हळू म्हणजे हवा पण कमी, हे लपवण्यात अर्थ नाही. माझं मशीन जड काम करताना सुद्धा ५०० च्या निम्म्याला पोचत नाही म्हणून मला चालतं. गेमिंगचं मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर शांततेच्या नादात कमी हवेचा पंखा टाकू नका, जुन्याच्या तोडीचा बघा, थोडा आवाज सहन करा.

पार्सल यायला वेळ लागला. पावसात घाटात दरड आली की कोल्हापूरकडून येणारं सगळं तिकडेच बसून राहतं, मग कुरिअरवाला कणकवलीहून फोन करणार की येऊन घेऊन जा, हे नेहमीचंच.

बसवताना पुढची अडचण म्हणजे पिन. नव्या पंख्याला मदरबोर्डची तीन भोकांची पिन, एसएमपीएसच्या बोर्डावर बारीक दोन काड्या. आणि जुनी पिन वरून ग्लूने चिकटवलेली. तो ग्लू ओढून काढायचा नाही, बोर्डावरची पिनच उपटून येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब कडेने सोडले, जरा थांबलो, ग्लूची पकड सुटली आणि अख्खा तुकडा नखाने निघाला. मग जुन्या पंख्याची वायर पिनेपासून वीतभर ठेवून कापली आणि नव्याची त्याला जोडली. रंगावर जाऊ नका, काही पंख्यांत लाल म्हणजे १२ व्होल्ट आणि पिवळी म्हणजे स्पीड सांगणारी, काहींत पिवळी म्हणजे १२ व्होल्ट आणि हिरवी स्पीडची. तीन पिनेच्या प्लगचा क्रम मात्र ठरलेला, पहिली काळी ग्राउंड, मधली १२ व्होल्ट, तिसरी स्पीडची. ती तिसरी आपल्याला नको, कापून टोक बंद केलं. दोन वायरी सोल्डर केल्या, प्रत्येकीवर वेगळी हीट श्रिंक स्लीव्ह, लायटरने आवळली. नुसत्या पिळून वर टेप मारायची आपली सवय इथे नको, आतल्या उष्णतेने टेपचा डिंक वितळतो आणि आमच्या हवेत उघडी तांब्याची तार हिरवी पडायला वर्षसुद्धा लागत नाही.

जुन्या पंख्यावर एका बाजूला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा होता, अर्धी जागा झाकणारा. बघणाऱ्याला वाटतं पॅकिंगचा राहिलाय, काढून टाकावा. तो हवा लगेच मागच्या जाळीतून पळू नये, आधी आतल्या भागांवरून फिरावी म्हणून असतो, तो तसाच्या तसा, त्याच बाजूला नव्यावर लावला. पंख्याची दिशा, हवा आत जायला हवी, म्हणजे स्टिकर आणि आडव्या काड्यांची बाजू बोर्डाकडे. वायर पात्यात येऊ नये म्हणून केबल टायने कडेला बांधली. झाकण लावताना गंजके स्क्रू फेकून स्टीलचे टाकले, ते देवगडलाच हार्डवेअरच्या दुकानात मिळाले, बोटींना लागतात ना.

चाचणी झाकण पूर्ण बंद केल्यावरच. चोवीस पिनेच्या मोठ्या प्लगमध्ये एकच हिरवी वायर असते, तिला कुठल्याही काळ्या वायरशी पेपरक्लिपने जोडलं की मदरबोर्डशिवाय एसएमपीएस चालू होतो. प्लग लावायच्या आधी क्लिप घालायची, नंतर भिंतीचं बटण. पंखा हळूच फिरायला लागला, जाळीवर कागदाचा कपटा ठेवला तो आत ओढून चिकटला, म्हणजे दिशा बरोबर. (काही महागड्या एसएमपीएसमध्ये लोड नसला की पंखा मुद्दाम बंदच राहतो, ते बघून घाबरायचं नाही.) मग मशीनमध्ये बसवून एका लग्नाचा मोठा व्हिडिओ रेंडरला लावला आणि मागे हात धरून बसलो. येणारी हवा कोमट, चटका नाही. पंख्याचा वेग जरासा वाढलेला जाणवला, रेंडर संपल्यावर परत खाली आला. थर्मिस्टर, पंखा, सगळ्यांचं जमलं. आईला विचारलं आवाज येतो काय, तर म्हणाली "पाऊस पडता हा, तुझो पंखो खंय ऐकतलंय?" घ्या.

पावसाळ्यात एक पाळतो, काम नसलं तरी मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवतो, आतल्या उबेने ओलावा बसत नाही. आणि मागच्या जाळीला बारीक नायलॉनची जाळी लावावी का पालीसाठी, यावर विचार करून नाही लावली, हवा अडते आणि ती धुळीने महिन्याभरात बुजते. पाल परवडली.

हे सगळं कळल्यावर झेरॉक्सचं दुकान असलेला मित्र आपला एसएमपीएस पिशवीत घालून हजर, याचा पण पंखा बदल म्हणून. हातात घेतला तर हलका, रिकाम्या डब्यासारखा, आणि बाहेर छापलंय ५०० वॉट. मागच्या जाळीतून टॉर्च मारली तर आतले दोन छोटे कपॅसिटर वरून फुगलेले स्पष्ट दिसत होते. त्याला सांगितलं याला पंखा लावून उपयोग नाही, उघडूही नको, हा उद्या जाताना मदरबोर्ड घेऊन जाईल. तो म्हणाला, पण अजून चालतोय की. चालतोय तोवरच बदल म्हटलं, गणपतीच्या आठवड्यात दुकानात रांग असताना बंद पडला तर काय करशील. दोन दिवस कुरकुर करून शेवटी कणकवलीला गेला आणि जड बघून नवीन घेऊन आला.